गावं नुसती मोजू नका, गावासोबत बांधा

संपादक महोदय,
स. न.

दिवाळी झाली की वास्तुकलेचे विद्यार्थी आमच्या औसा-लोहारा भागात येतात. टेप लावून जुने वाडे मोजतात, पुनर्वसित गावांचे फोटो काढतात, म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारतात. पोरं गुणी असतात, उन्हातान्हात राबतात. पण ते कागद पुढे कुठं जातात, गावाला कधीच कळत नाही. जिच्या घराचं मोजमाप झालं, तिला स्वतःच्या घराचा नकाशा बघायला मिळत नाही. हे मला फार लागतं, कारण घर मजबूत कसं करायचं हे दारोदार सांगण्याचं काम मी केलेलं आहे.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर 52 गावं नव्या जागी वसवली, त्यांची चर्चा खूप झाली. पण त्याहून कितीतरी जास्त गावांत घरं जागच्या जागी दुरुस्त करायची होती. तिथं आम्हा बायकांना 'संवाद सहाय्यक' म्हणून नेमलं. माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, वर्षानुवर्षं चढलेली माती उतरवा, भिंतीत आरपार जाणारे दगड घाला, नाहीतर दोन्ही बाजूंचे दगड सुटून भिंतीला पोट येतं, हे आम्ही सांगायचो. बायका उलट विचारायच्या, "माती काढली तर उन्हाळ्यात घर तापेल, लेकरं कुठं निजवायची?" प्रश्न खराच होता. किती माती काढायची आणि किती ठेवायची, हे गवंडी, इंजिनिअर आणि घरची बाई एकत्र बसल्यावरच ठरायचं. 2001 मध्ये कच्छला भूकंप झाला, तेव्हा आमच्या भागातल्या बायका तिथल्या बायकांना मदत करायला गेल्या. त्यांच्यापैकी कुणाकडंही वास्तुकलेची पदवी नव्हती.

आता नव्या गावांकडं बघा. जमिनीच्या हिशोबानं 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं मिळाली. भूमिहीनाच्या वाट्याला 250. त्यात शेळ्या कुठं बांधायच्या, सरपण कुठं ठेवायचं? लोकांनी पुढं पत्रा टाकला, आडोसा केला. विद्यार्थ्यांच्या नकाशात हे 'वाढीव बांधकाम' म्हणून येतं. माझ्या मते शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिथंच आहे, कारण घर देताना जे विचारलं गेलं नाही, ते त्या पत्र्याखाली आहे.

माझी भाची वास्तुकला शिकते. तिनं मला अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठाच्या 'रूरल स्टुडिओ'बद्दल सांगितलं. सॅम्युएल मॉकबी आणि डी. के. रूथ या दोन प्राध्यापकांनी तो 1993 मध्येच, म्हणजे आमच्या भूकंपाच्या वर्षीच, सुरू केला. विद्यार्थी हेल काउंटी या गरीब भागात राहतात, लोकांशी बोलून घराचा आराखडा करतात आणि ते घर स्वतःच्या हातानं उभं करतात. तीस वर्षं उलटून गेली, विद्यापीठानं तो भाग सोडलेला नाही. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे टिकून राहणं. चार दिवसांच्या सहलीत गाव बोलत नाही. ओळख व्हायलाच एक पावसाळा जावा लागतो, आणि छत गळतं कुठं हेही पावसाळ्यातच कळतं.

म्हणून मराठवाड्याच्या आसपासच्या वास्तुकला महाविद्यालयांना माझी विनंती आहे. प्रत्येकानं एकेका ग्रामपंचायतीशी निदान पाच वर्षांचं नातं जोडावं. केलेले नकाशे मराठीत ग्रामसभेपुढं मांडावेत आणि एक प्रत पंचायतीत ठेवावी. वर्षाला एक तरी लहान काम, अंगणवाडीची पडवी म्हणा, बायकांसाठी न्हाणीघर म्हणा, गावासोबत बांधून पूर्ण करावं आणि त्यालाच परीक्षेचे गुण द्यावेत. दगडाचं काम जाणणारे जुने गवंडी आता थोडेच उरलेत. त्यांना वर्गात पाहुणे म्हणून शाल-श्रीफळ देऊ नका, शिक्षक म्हणून मानधन द्या.

त्या काळी माझ्यासोबत काम केलेल्या काही जणी अजून याच भागात आहेत. कुणी महाविद्यालय पुढं आलं, तर गावकऱ्यांशी बोलणी करून देण्याची जबाबदारी आम्ही घेऊ.

आपली,
एक माजी संवाद सहाय्यक
ता. लोहारा, जि. धाराशिव