रब्बीचा अहवाल केवळ हेक्टरांत नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर लागला की आपल्या दैनिकात कृषी विभागाच्या साप्ताहिक अहवालावरून रब्बी पेरणीची टक्केवारी छापून येते. सरासरी क्षेत्राच्या तुलनेत किती हेक्टरांवर पेर झाली, एवढे तीतून कळते; ती केव्हा झाली, पुरेशा ओलीवर झाली का, उगवण कशी आहे आणि किती ठिकाणी मोडून दुबार पेरावे लागले, याचा पत्ता लागत नाही. कोरडवाहू भागात तर पीक याच गोष्टींवर तरते किंवा जाते.

रब्बी ज्वारीच्या पेरणीसाठी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा काळ शिफारशीत आहे आणि त्यामागे कारण आहे. या पिकाला पुढे पाऊस मिळेल असे कोणी धरून चालत नाही. हस्त-चित्राच्या पावसाची काळ्या जमिनीत मुरलेली ओल हीच त्याची चार महिन्यांची शिदोरी. वेळेवर पेरलेली ज्वारी ऑक्टोबरच्या उन्हाने वरचा थर सुकण्याआधी मुळे खोल सोडते. उशिरा पेरली तर ओल खाली गेलेली असते, थंडीने उगवण आणि वाढ मंदावते आणि ऐन दाणे भरण्याच्या वेळी जमीन भेगाळते. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पेरलेला एकर आणि नोव्हेंबरच्या मध्यावर पेरलेला एकर अहवालात सारखेच मोजले जातात. खळ्यावर मात्र ते सारखे उतरत नाहीत.

पाऊस जास्त झाला म्हणजे रब्बी साधली, हाही गैरसमजच. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा ओलीला तोटा नव्हता, पण वाफसा, म्हणजे पेरणीजोगी बेताची ओल, येत नव्हता. पाभर (पेरणीचे अवजार) बांधावर ठेवून रोज मातीची मूठ वळून पाहणाऱ्या शेतकऱ्याला ‘रब्बीसाठी पोषक पाऊस’ हा मथळा वाचून काय वाटले असेल, ते मी वेगळे सांगायला नको.

शिवाय हा काळ केवळ पेरणीचा नाही. तूर फुलोऱ्यात असते, आणि ढगाळ हवामान राहिले की फूलगळ आणि शेंगा पोखरणारी अळी दोन्ही वाढतात. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी नाशिक जिल्ह्यात गारपीट झाली, तेव्हा द्राक्षबागांचे काय झाले हे पेरणीच्या टक्केवारीत शोधूनही सापडले नसते.

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, सुरू आहे आणि तीत शेतकरी लागवडीची तारीख भरतो. त्या तारखांवरून वेळेवरची आणि उशिराची पेर तालुकानिहाय वेगळी दाखवता येईल, आणि उगवण व पिकाची अवस्था याबद्दल गावपातळीवरील कृषी कर्मचाऱ्यांची चार वाक्ये त्याला जोडता येतील. पीकविमा, चाऱ्याचे नियोजन आणि बाजारातील आवकेचा अंदाज या सगळ्यांना त्याचा उपयोग आहे.

कृषी विभाग हे करील तेव्हा करील. तोवर आपल्या वार्ताहरांनी टक्केवारीसोबत निदान दोन-तीन तालुक्यांतील पेरणीच्या तारखा आणि उगवणीची स्थिती विचारून छापावी, आणि केवळ हेक्टर पाहून ‘पेरणी समाधानकारक’ असा मथळा देऊ नये, ही विनंती.

आपला,
एक कोरडवाहू शेतकरी
जि. सोलापूर