चेहरा समजावून सांगणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडमना

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून आपोआप गळू लागले. आरशात पाहिले, तर डावा डोळा मिटत नव्हता आणि कपाळाच्या त्या बाजूला एकही आठी पडत नव्हती. बेल्स पाल्सीवरील, म्हणजे चेहऱ्याच्या एका बाजूला अचानक येणाऱ्या लकव्यावरील, औषधे डॉक्टरांनी तातडीने सुरू केली. पण माझाच चेहरा मला उलगडून दाखवला तो तुम्ही, आणि त्याबद्दलचे आभार मला जाहीरपणे मानायचे आहेत.

तुम्ही माझे बोट उजव्या गालाच्या हाडावर ठेवले आणि हसायला सांगितले. त्या हाडापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत तिरका उतरणारा स्नायू बोटाखाली घट्ट होताना मला जाणवला. शरीरातील बहुतेक स्नायू हाडे हलवतात, चेहऱ्याचे स्नायू मात्र थेट त्वचेत गुंतलेले असल्याने ते आखडले की त्वचाच ओढली जाते आणि त्या ओढीतून हसू, आठी किंवा आश्चर्य उमटते, हे मला तेव्हा कळले. मनापासूनच्या हसण्यात डोळ्याभोवतीचा वर्तुळाकार स्नायूही सामील होतो, हे ड्यूशेन या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्येच नोंदवले होते, हेही तुम्हीच सांगितले. घास चावता येतो, पण तो गालात अडकून राहतो, हे कोडेही सुटले: चावण्याचे स्नायू मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या मज्जातंतूवर चालतात, तर गालाचा स्नायू सातव्यावर, आणि माझा सातवाच सुजला होता.

तोपर्यंत मी आरशासमोर जीव खाऊन तोंड वेडेवाकडे करत होते. तुम्ही ते थांबवले. मज्जातंतूचे पुन्हा वाढणारे तंतू कधी कधी चुकीच्या स्नायूपर्यंत पोहोचतात आणि मग हसताना डोळाही मिटू लागतो, म्हणून जोर न लावता अगदी बारीक हालचाल करायची आणि उजव्या बाजूलाही आवरायचे, हे तुम्ही न कंटाळता दर भेटीत सांगत राहिलात. अकराव्या आठवड्यात ओठांचा डावा कोपरा जेमतेम हलला, तो माझ्याआधी तुम्हालाच दिसला.

अजूनही दमल्यावर हसले की डावा डोळा किंचित बारीक होतो. अशा वेळी मी गाल सैल सोडते आणि तुम्ही शिकवल्याप्रमाणे, अर्धेच हसून पाहते.

आपली ऋणी,
एक रुग्ण