राजदूतांनी मतदारांसमोरही जावे

महोदय,

जुलै 2025मध्ये राष्ट्रपतींनी राज्यसभेवर चार जणांची नियुक्ती केली. आपल्याकडे साहजिकच चर्चा झाली ती अ‍ॅड. उज्ज्वल निकम यांची. माजी परराष्ट्र सचिव हर्षवर्धन शृंगला यांचे नाव त्या गडबडीत मागे पडले. बँकॉक, ढाका, वॉशिंग्टन, मग परराष्ट्र सचिवपद आणि जी-20 परिषदेचे समन्वयक. त्यांच्या योग्यतेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. माझी तक्रार वाटेबद्दल आहे.

राज्यघटनेच्या कलम 80नुसार राष्ट्रपती जे 12 सदस्य नेमतात, ते साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतील जाणकार असावे लागतात. मुत्सद्देगिरी यांपैकी कशात बसते? 1959मध्ये सरदार के. एम. पणिक्कर यांची नियुक्ती झाली तेव्हा हा प्रश्न पडला नसता. ते चीनमध्ये राजदूत होते तसेच नावाजलेले इतिहासकार आणि मल्याळममधले लेखकही होते. आता मात्र ‘समाजसेवा’ या शब्दात वाटेल ते कोंबता येते.

अशा वेळी माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन आठवतात. केरळमधील उळवूरच्या गरीब दलित कुटुंबातला हा मुलगा मुंबईत पत्रकार होता. एप्रिल 1945मध्ये त्याने इथेच गांधीजींची मुलाखत घेतली आणि टाटांच्या शिष्यवृत्तीवर तो लंडनला राज्यशास्त्राचे प्राध्यापक हॅरॉल्ड लास्कींकडे शिकायला गेला. (मुंबईला याचा फारसा अभिमान असल्याचे दिसत नाही.) 1949मध्ये परराष्ट्र सेवेत आल्यावर त्यांनी थायलंड आणि तुर्कस्तानात राजदूत म्हणून काम केले. 1962च्या युद्धामुळे चीनमध्ये वर्षानुवर्षे भारताचा राजदूतच नव्हता. ती खुर्ची 1976मध्ये पुन्हा भरली गेली ती त्यांच्याच नेमणुकीने. शेवटी 1980 ते 1984 अमेरिका.

तिथून परतल्यावर त्यांना राज्यसभेत सहज बसवता आले असते. ते काँग्रेसतर्फे उभे राहिले केरळमधल्या, अनुसूचित जातींसाठी तेव्हा राखीव असलेल्या ओट्टपालममधून, आणि डाव्यांशी लढून निवडून आले. ‘1984 म्हणजे इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट, त्यात कोणीही तरला असता’, असे कोणी म्हणेल. मान्य. पण 1989मध्ये त्याच मतदारांनी त्यांना पुन्हा पाठवले आणि ते विरोधी बाकांवर बसले. 1991मध्ये तिसऱ्यांदा जिंकले, पक्षाचे सरकार आले, तरी मंत्रिपद मिळाले नाही. चार देशांत राजदूत राहिलेल्या माणसाने साधा खासदार म्हणून काढलेली ही वर्षे मला त्यांच्या कारकिर्दीत सर्वांत महत्त्वाची वाटतात.

राष्ट्रपती झाल्यावर 1997मध्ये गुजराल सरकारची उत्तर प्रदेशात, तर 1998मध्ये वाजपेयी सरकारची बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस त्यांनी फेरविचारासाठी परत पाठवली. निवडून आलेले सरकार असे मोडायचे नसते, हे त्यांना कायद्याच्या पुस्तकांइतकेच ओट्टपालमनेही शिकवले असावे, असे माझे मत आहे.

परराष्ट्र सेवेतून मतदारांसमोर गेलेले ते एकटेच नव्हते. नटवर सिंह 1984मध्ये भरतपूरमधून, मीरा कुमार 1985च्या पोटनिवडणुकीत बिजनौरमधून आणि मणिशंकर अय्यर 1991मध्ये मयिलादुतुराईमधून लोकसभेत गेले. अलीकडची उदाहरणे वेगळी आहेत. माजी राजदूत हरदीपसिंग पुरी 2019मध्ये अमृतसरमध्ये पडले, पण राज्यसभेची खासदारकी शाबूत असल्याने मंत्री राहिले. तरणजीतसिंग संधू 2024च्या जानेवारीत वॉशिंग्टनहून निवृत्त झाले, मार्चमध्ये भाजपमध्ये गेले आणि जूनमध्ये त्याच अमृतसरमध्ये हरले. तीन महिन्यांत मतदारसंघ बांधता येत नाही. परराष्ट्रमंत्री जयशंकर तर गुजरातमधून राज्यसभेवर आहेत, त्यामुळे मतदारांसमोर जाण्याचा प्रश्नच आला नाही.

पक्षांना मुत्सद्दी हवे असतील, तर निवृत्तीनंतर त्यांना एखादा मतदारसंघ नेमून द्यावा आणि दोन-तीन वर्षे तिथे राबू द्यावे. एकदा हरले तरी बिघडत नाही.

शृंगला यांची मुदत 2031पर्यंत आहे. ते मूळचे दार्जिलिंगचे. तिथल्या चहामळ्यांतील कामगारांच्या जमीनपट्ट्यांचा प्रश्न त्यांनी सभागृहात किती वेळा मांडला, हे आपल्या दिल्लीच्या प्रतिनिधींनी दर अधिवेशनानंतर छापावे, ही विनंती. निकमांचाही हिशेब सोबत दिला तर उत्तमच.

– एक वाचक, सांगली