महालातल्या काकांना, उघड्या राहिलेल्या झाकणाबद्दल

काका, नमस्कार.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून फक्त 'महालातले काका', आपल्या नागपूरच्या महाल भागातले. पैसेही घेतले नाहीत, तर्री पोह्यांवर भागवलंत. तेव्हा आभार तरी चारचौघांत मानू द्या.

बाबांच्या कॅमेऱ्यात रोल आहे हे न पाहताच मी भरदुपारी गच्चीवर त्याचं झाकण उघडलं. दोन सेकंद फक्त. सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत ज्याला विचारलं तो म्हणाला, जळला, फेका. तुम्ही म्हणालात, "जळला, जळला काहून करून राहिला? आधी तुकडा धुऊन पाहू."

मला वाटलं, लाल दिवा लावाल. तुम्ही हसलात. तो कागदासाठी, या फिल्मला लालही दिसतो. मग आमचं न्हाणीघर, दाराखाली गोधडी आणि गच्च काळोखात तुमच्या कात्रीचा आवाज. (गोधडी आईची. हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचा, वास अजून गेला नाही म्हणते.) डबीत उरलेल्या कोऱ्या फिल्मचा चार बोटं तुकडा आधी डी-७६ मध्ये, म्हणजे फोटो उमटवणाऱ्या रसायनात, मग हायपोत. दिवा लावला तर या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखा राखाडी. निगेटिव्हवर उजेड लागेल तिथे काळं होतं; डबीच्या तोंडातून उजेड शिरला असता तर काठ जास्त काळे झाले असते. हा राखाडी रंग ३० वर्षांचा आणि आमच्या माळ्यावरच्या उन्हाळ्यांचा.

त्या तुकड्यावरून वेळ ठरवून तुम्ही फोटो काढून गुंडाळलेला भाग धुतला. शेवटचे फोटो, म्हणजे गुंडाळीचे बाहेरचे वेढे, ठार काळे. काठावर कारखान्यातच उमटवलेले आकडेसुद्धा बुडालेले. त्यावर बोट ठेवून तुम्ही म्हणालात, फोटो काढताना उजेड जास्त झाला असता तर चौकट काळी झाली असती, आकडे वाचले असते. हा झाकणाचाच प्रताप. म्हणजे माझा. आतल्या वेढ्यांवर मात्र काळेपणा काठावरून आत येता येता थांबलेला, कुठे कुठे फिल्मच्या काठावरच्या भोकांच्या सावल्या फोटोवर उमटलेल्या. आणि सगळ्यांत आतले पाच जवळपास स्वच्छ: पिवळी मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणारा मोठा पुतळा), तिच्यामागे गर्दी, एका घराच्या ओट्यावर माझी तरुण आत्या.

बाबांनी मिरवणुकीत रोल घातला होता हे घरात कुणालाच आठवत नव्हतं.

डबीतली उरलेली फिल्म मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे जपून ठेवलीय. १० वर्षांना एक स्टॉप, म्हणजे दर वेळी दुप्पट उजेड, म्हणून १०० आयएसओची फिल्म १२ समजून वापरायची, हेही लिहून ठेवलंय. बडग्याच्या, म्हणजे मारबतीच्या मिरवणुकीच्या, दिवशी सकाळी तुम्हाला न्यायला येतो. झाकणाला आत्ताच चिकटपट्टी लावलीय.