दाढ उगवली तेव्हाच तशी होती, हे सांगितल्याबद्दल

डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार समोरासमोर मानायचे राहून गेले, कारण लेक खुर्चीवरून उतरली ती थेट दाराकडे पळाली. म्हणून हे पत्र. आणि ते उघड लिहितेय, कारण "मुलीला ब्रश करायची सवय नाही वाटतं?" हे वाक्य माझ्यासारख्या कितीतरी आया सध्या मुकाट्याने गिळत असतील.

सहाव्या वर्षी तिच्या शेवटच्या दुधाच्या दाढेमागे नवी दाढ डोकावली. दुधाचा एकही दात न पडता ही दाढ येते, त्यामुळे ती कायमची आहे हे घरात कुणाच्या ध्यानातच येत नाही. आमच्या नजरेत भरली ती रंगामुळे. अर्धीच वर आली होती, तरी तिच्यावर पिवळट-तपकिरी डाग होते आणि कडेचा एक टवका उडालेला होता. गार पाणी लागलं की लेक कळवळायची, त्या बाजूला ब्रश लावूच द्यायची नाही. आणि ब्रश फिरेना म्हणून तिथे खरोखरच कीड धरायला लागली. आधी ज्यांना दाखवलं, त्यांनी दोन मिनिटांत चॉकलेटवर खापर फोडून आम्हाला मोकळं केलं.

तुम्ही मात्र दाढ वाळवायला हवेचा फवारा मारला नाहीत. कापसाच्या बोळ्याने ती अलगद टिपलीत, आरसा धरून बराच वेळ पाहिलंत आणि मग नुकते आलेले पटाशीचे दात बघितलेत. वरच्या एका दातावर रेखीव कडांचा पांढराफटक डाग होता. तो पाहून माझ्याकडे वळलात आणि विचारलंत, "ही तान्ही असताना आजारी होती का? पहिल्या एक-दोन वर्षांत?"

होती. वर्षाचीही झाली नव्हती तेव्हा निमोनिया झाला होता. अंगात सणसणून ताप, सलाइन, इंजेक्शनं आणि घरी आल्यावरही अँटिबायोटिकचं सिरप. हे सगळं दातांच्या डॉक्टरांना सांगायचं असतं, असं माझ्या मनातही आलं नसतं.

त्या दिवशी तुम्ही जे समजावलंत ते मी घरी येऊन प्रत्येकाला ऐकवलंय. पहिली कायमची दाढ हिरडीबाहेर येते सहाव्या वर्षाच्या आसपास, पण तिचं एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, कडक व्हायला लागतं जन्माच्या सुमारास. तीन वर्षांपर्यंत तिचा वरचा भाग बनून पुरा झालेला असतो. मधल्या पटाशीच्या दातांचं काम तिसऱ्या-चौथ्या महिन्यात सुरू होतं आणि चार-पाच वर्षांपर्यंत चालतं. म्हणजे निमोनिया झाला तेव्हा हे दात हिरडीच्या आत घडत होते. "एनॅमल घालणाऱ्या पेशी म्हणजे गिलावा करणारे गवंडी समजा," असं म्हणालात. "काम चालू असताना ते आजारी पडले तर तेवढा भाग कच्चा राहतो. आणि दात बाहेर येईपर्यंत ते कायमचे निघून गेलेले असतात, डागडुजीला कुणी परत येत नाही." याला मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन म्हणतात आणि हे नाव २००१ साली पुढे आलं, हेही सांगितलंत. नाव लांबलचक आहे, पण मला त्याचा केवढा आधार वाटला!

सोबत आलेल्या माझ्या नणंदबाईंनी लगेच निकाल लावला, "म्हणजे त्या अँटिबायोटिकनंच वाट लावली!" तेव्हा तुम्ही जे उत्तर दिलंत, त्याबद्दल मला तुमचे सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत. लहानपणी घेतलेल्या अँटिबायोटिकचा या डागांशी संबंध काही अभ्यासांत दिसतो, हे तुम्ही लपवलं नाहीत. पण अँटिबायोटिक मिळतं ते आजारी मुलांनाच. मग दात बिघडवला तापाने, आजाराने की औषधाने, हे वेगळं काढणं अवघड आहे, असंही स्पष्ट सांगितलंत. वर पुन्हा बजावलंत की निमोनियावर औषध द्यायलाच हवं होतं आणि पुन्हा वेळ आली तर दाताकडे बघून हात आखडता घ्यायचा नाही. एक गुन्हेगार ठरवून टाकणं सोपं होतं, आम्ही विश्वासही ठेवला असता.

नणंदबाईंचे स्वतःचे दात लहानपणापासून करडे, आडव्या पट्ट्यांचे आहेत. त्या हसताना हात तोंडावर नेतात, हे तुमच्या नजरेतून सुटलं नाही. टेट्रासायक्लिन नावाचं अँटिबायोटिक कॅल्शियमला चिकटतं आणि घडत असलेल्या दातात कायमचं बसतं, म्हणून आठ वर्षांखालच्या मुलांना ते सहसा देत नाहीत, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. त्यांच्या बाबतीत तेच झालं असेल असं तुम्ही छातीठोकपणे म्हणाला नाहीत, पण लहानपणी कुठली औषधं घेतली ते आठवून बघायला सांगितलंत. आता घरात जुनी कागदपत्रं उपसणं चाललंय.

उगवण्याआधी झालेलं नुकसान आणि नंतर होणारं नुकसान, हे तुम्ही नीट वेगळं केलंत. पहिल्यावर आमचा इलाज नव्हता, दुसऱ्यावर आहे. गोड सिरप रात्री दात घासून झाल्यावर द्यायचं नाही, कारण झोपेत लाळ कमी होते आणि साखर दातांवर तशीच राहते. शक्य असेल तिथे बिनसाखरेचं औषध मागून घ्यायचं. इनहेलर घेतला की चूळ भरायची. हे सगळं आता अंगवळणी पडलंय.

पण लेकीच्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळीच होती. भूल दिल्यावरही ती "दुखतंय" म्हणाली आणि तुम्ही हात थांबवलात. नाटक करतेय असं म्हटलं नाहीत. अशा दाढेच्या आतली नस आधीच चिडलेली असते, त्यामुळे भूल नेहमीसारखी चढत नाही, हे मला समजावलंत. तिला म्हणालात, "मग आज फक्त झाकून ठेवू." फ्लोराइडचं वार्निश लावलंत, वर ग्लास आयोनोमर नावाच्या दातांच्या सिमेंटचं तात्पुरतं सील केलंत. पुढच्या वेळी ती रडली नाही असं नाही, पण तोंड स्वतःहून उघडलं.

आता दाढेवर स्टीलची कॅप आहे. ती शाळेत मैत्रिणींना मोठ्या ऐटीत दाखवली जाते. पटाशीच्या दातावरच्या डागाला तुम्ही हात लावला नाहीत, तिला स्वतःला खटकेल तेव्हा बघू म्हणालात. माझा जीव थोडा खालीवर होतो, पण तुमचं पटतंय. दाढ टिकलीच नाही, तर आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान एक्सरे बघून ती काढायची, म्हणजे मागून येणारी दाढ त्या जागी सरकू शकेल, हा पर्यायही तुम्ही आधीच सांगून ठेवलाय.

धाकट्याला आता सहावं लागेल. त्याची दाढ दिसायला लागली की लगेच घेऊन येते. तोही तान्हेपणी तापाने आजारी होता. या वेळी फाइल सोबत आणीन.

तुमच्या छोट्या पेशंटची आई