हाताची किंमत आणि हातच्या कमाईचा हिशेब

फिलाडेल्फिया,
रविवार

तीर्थरूप बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र मिळाले. ‘अपघातात माणसाचा हात गेला तर त्याची किंमत तुम्ही कशी ठरवता, आणि ती ठरवताना मनाला काही वाटत नाही का?’ असे तुम्ही विचारले आहे. फोनवर मी नेहमी ‘नुकसानभरपाईचे अहवाल तयार करते’ एवढेच सांगून मोकळी होते, पण तुमच्या प्रश्नाला तेवढे उत्तर पुरे नाही, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे.

हाताची किंमत आम्ही ठरवत नाही, बाबा. वेदना, व्यंग, जगण्यातला हरवलेला आनंद यांचे मोल ज्यूरी ठरवते, आणि त्यावर आमच्यासारख्यांना सहसा बोलूही दिले जात नाही. आमच्यापुढे येणारा प्रश्न फार अरुंद असतो: अपघात झाला नसता तर या माणसाने पुढच्या आयुष्यात किती कमावले असते, आता तो किती कमावू शकेल, आणि या दोहोंतल्या फरकाची आजची रक्कम किती?

सध्या माझ्या टेबलावर एका इलेक्ट्रिशियनची फाइल आहे. त्याची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून आणि आकडे गोळाबेरीज करून लिहिते. वय ३७. यंत्रात सापडून उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे चिरडली. शस्त्रक्रियेने बोटे वाचली, पण ती वळत नाहीत. फाइलमध्ये पकड मोजण्याच्या यंत्रावरची नोंद आहे: डावी मूठ ९५ पौंड, उजवी २२. याच हाताने तो डोक्याच्या वर असलेल्या पेटीत स्क्रू पिळत असे. डॉक्टरांनी हाताच्या अपंगत्वाची टक्केवारी दिली आहे, पण ती टक्केवारी पगाराला लावून मोकळे होणे ही या कामातली सर्वांत मोठी चूक ठरते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात हेच किती सोप्या रीतीने सांगितले आहे! डावा हात गमावलेल्या माणसाचे अपंगत्व साधारण ६० टक्के धरले, तरी तो सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमावण्याची क्षमता जवळपास पूर्ण गेली, आणि तोच सरकारी कचेरीतला कारकून असेल तर त्याची नोकरी कदाचित टिकेलही. इजा शरीराची असली तरी नुकसान कामाचे मोजायचे असते.

म्हणून पहिले काम कमाई ठरवण्याचे. अपघाताच्या आधीच्या वर्षाचा एकच आकडा मी कधी घेत नाही. त्या वर्षी भरपूर ओव्हरटाइम मिळाला असेल किंवा मध्येच काम सुटले असेल, म्हणून चार-पाच वर्षांची करविवरणे समोर ठेवते. या माणसाची सरासरी कमाई वर्षाला ६०,००० डॉलर निघाली. व्यवसाय-तज्ज्ञाच्या मते तो आता कामगारांची वेळापत्रके लावण्याचे बैठे काम करू शकतो, आणि त्यात त्याला ३८,००० मिळतील. झेपेल ते काम शोधणे हे जखमी माणसाचेही कर्तव्य मानले जाते, त्यामुळे हे ३८,००० वजा करावेच लागतात. वर्षाचा तोटा २२,००० डॉलर.

पगाराबाहेरच्या लाभांचा हिशेब वेगळा करावा लागतो. मालक भरत असलेला आरोग्यविम्याचा हप्ता आणि निवृत्तिनिधीतला वाटा ही कमाईच असते. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या आकडेवारीत एकूण मोबदल्याचा साधारण ३० टक्के भाग लाभांचा असतो, पण हा आकडा जसाच्या तसा उचलता येत नाही. त्यात भरपगारी रजा धरलेली असते, आणि रजेचे पैसे वार्षिक पगारात आधीच आलेले असतात. तेच पैसे दोनदा मोजले गेले, तर उलटतपासणीत समोरचा वकील तेवढे एकच बोट ठेवून सगळा अहवाल संशयास्पद करून टाकतो.

पुढचा प्रश्न वर्षांचा. ३७ पासून ६५ पर्यंत सरळ २८ वर्षे होतात, पण सगळी माणसे ६५ पर्यंत अखंड काम करत नाहीत: कोणी आजारी पडते, कोणाचे काम सुटते, कोणी आधीच थांबते. त्यासाठी कार्यायुष्याचे तक्ते असतात आणि त्यांत वय, शिक्षण आणि सध्या काम चालू आहे की नाही, यांवरून उरलेली सरासरी वर्षे काढतात. समजा ती २५ आली.

या तक्त्यांविषयी मला मनापासून बोलायचे आहे, कारण तुमच्या ‘मनाला काही वाटत नाही का’ या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे. हे तक्ते स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी वेगवेगळे असतात. पूर्वीच्या पिढ्यांतल्या स्त्रिया मुलांसाठी नोकरी सोडत आणि त्यांना पगारही कमी मिळे, म्हणून त्या आकड्यांवरून आजच्या सहा वर्षांच्या जखमी मुलीचे भविष्य तिच्याच वयाच्या मुलापेक्षा स्वस्त ठरते. काळ्या मुलांच्या बाबतीतही हेच घडत आले आहे. जुना अन्याय सरासरी होऊन तक्त्यात बसतो आणि तिथून नव्या भरपाईत उतरतो. कॅलिफोर्नियाने २०१९ साली कायदा करून वंश, वांशिकता किंवा लिंग यांच्या आधारे बुडालेल्या कमाईची भरपाई कमी करण्यास मनाई केली, आणि तो २०२० पासून लागू झाला. मी तर जिथे तसा कायदा नाही तिथेही, लहान मुलांच्या प्रकरणांत दोन्ही तक्त्यांवरून हिशेब करून दोन्ही आकडे अहवालात मांडते. माझ्या वरिष्ठांशी यावरून माझा एकदा वादही झाला आहे. ती पद्धत मी सोडणार नाही.

आता तुमच्या आवडीचा भाग, व्याजाचा. २५ वर्षांत थोडे थोडे मिळणारे पैसे आज एकरकमी द्यायचे, तर त्यावर वटाव करावा लागतो, म्हणजे मधल्या काळात त्या पैशांवर मिळेल तेवढे व्याज आधीच वजा करावे लागते. बँकेत तुम्ही हुंडी वटवत होता, तोच न्याय. पण दुसऱ्या बाजूने पगारही महागाईबरोबर वाढत जातो. म्हणून व्याजाच्या दरातून पगारवाढीचा दर वजा करायचा आणि जो निव्वळ दर उरेल त्याने वटाव करायचा. तो दर ३ टक्के धरला, तर २२,००० डॉलर गुणिले २५ वर्षे यांचे आजचे मूल्य सुमारे ३,८३,००० डॉलर होते. १ टक्का धरला तर सुमारे ४,८४,५००. आणि व्याज व पगारवाढ एकमेकांना फेडतात असे मानून वटाव केलाच नाही, तर पूर्ण ५,५०,०००. माणूस तोच, तोटाही तोच, आणि केवळ या एका दरावर पावणेदोन लाखांच्या आसपास फरक पडतो! मी राहते त्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली वटाव न करण्याचीच रीत स्वीकारली. पुढे १९८३ मध्ये, फायफर नावाच्या गोदी कामगाराच्या खटल्यात, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की केंद्रीय कायद्याखालच्या दाव्यांवर ही रीत बंधनकारक नाही, आणि महागाई वगळून १ ते ३ टक्क्यांमधला दर कोणी धरला तर ते न्यायालय त्यात हात घालणार नाही.

आपल्याकडे मोटार अपघाताच्या दाव्यांत हा सगळा वटाव गुणकात, म्हणजे वयानुसार वार्षिक तोट्याला ज्या ठरावीक आकड्याने गुणतात त्यात, मुरलेला असतो. सरला वर्मा प्रकरणातल्या २००९ च्या निकालानुसार ३६ ते ४० वयाला १५ चा गुणक आहे, आणि भविष्यातल्या वाढीसाठी २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे उत्पन्नात ठरावीक टक्के मिळवतात. ती पद्धत सोपी आहे आणि एकसारख्या माणसांना एकसारखा न्याय देते, हे मला मान्य आहे. मात्र तिला त्या एका माणसाचे आयुष्य इतक्या बारकाईने पाहता येत नाही.

कराविषयी थोडक्यात: शारीरिक इजेच्या भरपाईवर इथे केंद्रीय आयकर लागत नाही, आणि बुडालेली कमाई कर वजा करून मोजायची की न करता, हे राज्याराज्यात बदलते.

आईला एक गोष्ट मुद्दाम वाचून दाखवा. ज्या कामाचा पगार कधी मिळालाच नाही, तेही आमच्या हिशेबात येते. स्वयंपाक, मुलांची देखभाल, घराची डागडुजी यांवर लोक किती वेळ घालवतात याची पाहणी इथे २००३ पासून दरवर्षी होते, आणि ते काम पैसे देऊन करून घ्यायचे तर काय पडेल, त्या दराने तास मोजले जातात. आपल्याही सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली कीर्ती प्रकरणात गृहिणीच्या कामाचे उत्पन्न धरलेच पाहिजे, असे ठामपणे सांगितले.

माझ्या इलेक्ट्रिशियनचा तोच तक्ता अजून कोरा आहे. मुलीच्या वेण्या सकाळी तोच घालत असे, हे जबाबात एका ओळीत ओझरते आले आहे. कोणत्याही पाहणीच्या सरासरीत ते सापडणार नाही, म्हणून उद्या वकिलांमार्फत त्याच्या पत्नीला विचारणार आहे की अशी आणखी कोणती कामे त्याच्या हातून होत होती आणि त्यांना आठवड्याला किती तास लागत होते.

दोघांनाही नमस्कार.

तुमची,
नंदिनी