बाबा, त्या वीस हजारांबद्दल

ती. बाबा आणि ती. आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवरच बोलणार होते, पण गेले तीन रविवार बाबा फोनवर येतच नाहीत. "शेताकडं गेलेत", "जरा पडलेत" असं आई सांगते आणि मागून बाबांचा खोकला मला ऐकू येतो. म्हणून पत्र लिहितेय. पत्र आलं की बाबा चष्मा लावून ओट्यावर बसून दोनदा वाचतात, हे मला माहीत आहे.

परवा आईनं मला सगळं सांगितलं, की हॉटेलात दरवर्षी सात रात्री राहायच्या मेंबरशिपच्या फाईलवर तुम्ही सही केलीत आणि त्यातले वीस हजार भरूनही आलात. बाबा, तिच्यावर रागावू नका. रात्र रात्र तिला झोप लागेना, म्हणून शेवटी बोलली. शेजारच्या पोराकडून तिनं त्या फाईलचे फोटो काढून पाठवले. मी ते एकेक पान मोठं करून वाचलंय. तुम्हाला बोल लावायला हे लिहीत नाही. वीस हजारांपेक्षा तुमचं गप्प राहणं मला जास्त लागलंय.

आईनं सांगितलं ते असं. सोमवारी संध्याकाळी तुम्ही संभाजीनगरला हॉटेलात उतरलात. दुसऱ्या दिवशी मंगळवार, वेरूळ बंद. खोलीतला फोन वाजला, "सर, अभिनंदन, तुमच्या खोलीचा नंबर निघालाय, सकाळी दोघं नाष्ट्याला खाली या, छोटीशी भेट आहे." तुम्ही गेलात. नाष्टा झाला, चहा झाला आणि मग एक मुलगा वही-पेन घेऊन शेजारी येऊन बसला. नऊला खाली गेलेली तुम्ही दोघं सव्वाबाराला वर आलात. तोवर बाबांचे हात थरथरायला लागले होते, कारण गोळी घेतली होती आणि नंतर पोटात फक्त दोन इडल्या. आईनं पर्समधली साखर दिली. एवढं ऐकून मला फोन ठेवावासा वाटला.

ही पद्धत मला ठाऊक आहे, कारण पुण्यात आम्हीही एकदा अशाच टेबलावर बसलो होतो. मॉलमध्ये सोडतीचं कुपन भरलं होतं, आठवड्यानं फोन आला, नवरा-बायको दोघांनी यायलाच पाहिजे म्हणाले. का दोघांनी, ते तेव्हा कळलं नाही. एकटा माणूस "घरी विचारून सांगतो" म्हणून सुटतो. दोघं समोर असली की ती वाट बंद होते. हॉलमध्ये मोठ्यानं गाणी चालू, मध्येच कुणी सही केली की टाळ्या. विचार करायला शांतता मिळू द्यायची नाही, असाच सगळा बेत. आम्ही दोन तासांनी उठलो, ते केवळ धाकटी रडायला लागली म्हणून. नाहीतर काय झालं असतं, सांगता येत नाही.

बाबा, तुम्ही भोळे म्हणून हे झालं नाही. आपल्या घरी कुणी आलं की चहा घेतल्याशिवाय उठू द्यायचं नाही आणि कुणी आपल्याला चहा पाजला की लगेच पाठ फिरवायची नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. त्या लोकांनी नेमकं हेच धरलं. तुमच्या बोलण्यातला एकेक सभ्य शब्द त्यांच्या कामाला आला. तुम्ही म्हणालात, "बघू." तो म्हणाला, "काय बघायचंय सर, मी दाखवतो." तुम्ही म्हणालात, "लेकीला विचारतो." तो म्हणाला, "लावा की फोन, मी बोलतो ताईंशी." तुम्ही म्हणालात, "एवढे पैसे नाहीत हो." त्यानं हप्त्याचा कागद काढला. कारण सांगितलं की त्यावर उत्तर तयार असतं, तेच तर त्यांना शिकवून पाठवलेलं असतं. म्हणून कारणच द्यायचं नाही. "आम्हाला नको" एवढं म्हणायचं आणि म्हणता म्हणता उठून उभं राहायचं. बसून म्हटलेलं नको तिथं कुणी ऐकत नाही. आईनं टेबलाखालून तीनदा तुमचा पाय दाबला म्हणे. आई, पुढच्या वेळी पाय दाबू नकोस. सरळ पर्स घेऊन उठ. तू उठलीस की बाबांना उठावंच लागतं.

आणि तो गेवराईचा मुलगा. आई म्हणाली, तुम्हाला त्याचीच दया आली. आई-बाप ऊसतोडीला जातात, आज एक तरी फॉर्म झाला नाही तर नोकरी जाईल, असं त्यानं सांगितलं. "लेकराचं तोंड बघून नाही म्हणवंना गं," असं तुम्ही आईला म्हणालात. बाबा, तो खरं बोलत असेल. बीडकडच्या किती घरांचं हेच आहे, तुमच्याच वर्गातली पोरं दिवाळीनंतर कारखान्यावर जायची आणि तुम्ही त्यांची पुस्तकं जपून ठेवायचात. दया आली ती बरोबरच आली. त्याच्या हातावर दोनशे रुपये ठेवून "शिक बाबा पुढं" म्हणाला असतात, तर मला अभिमानच वाटला असता. पण त्या फॉर्मवर त्याला मिळणार किती आणि तुमच्याकडून जाणार सव्वातीन लाख. त्याच्या गरिबीचा सगळ्यात जास्त फायदा त्याला झालाच नाही.

आता हिशोब. तुम्ही चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलंत, म्हणून हे तुमच्यापुढं मांडते. त्यानं वहीवर लिहिलेलं पान फाईलमध्ये आहे. हॉटेलचं भाडं रात्रीला ५,००० रुपये, वर्षाला ७ रात्री, २५ वर्षं, म्हणजे ८,७५,०००. खाली मेंबरशिप ४,५०,०००. मग मॅनेजर आला, लाल पेनानं ते खोडलं आणि ३,२५,००० लिहिलं, "फक्त आजच्या दिवसापुरतं." औशाच्या बाजारात कुणी दहा मिनिटांत सव्वा लाख उतरवला असता, तर तुम्ही त्याच्याकडून बैल घेतला असतात का?

त्या पानावर एक आकडा नाही, तो आत बारीक अक्षरांत आहे. देखभाल खर्च वर्षाला १२,०००. तुम्ही जा न जा, भरायचाच. पुढं तो वाढू शकतो, असंही लिहिलंय. आता असं बघा. ते ३,२५,००० रुपये बँकेत ठेवले आणि व्याज ७ टक्के धरलं, तर वर्षाला २२,७५० होतात. त्यात न भरलेले १२,००० मिळवा. ३४,७५०. आणि ५,००० च्या खोलीत ७ रात्री राहायचं म्हटलं तर ३५,०००. अडीचशे रुपये कमी पडतात, पण मुद्दल जागेवर राहते, जायचं तर जा, नाही तर नको, आणि आईचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर ते पैसे उपयोगाला येतात. हॉटेलचे दर वाढतील, असं तो म्हणाला ते खरं आहे, पण देखभाल खर्चही वाढणार, ते त्यानं सांगितलं नाही. शिवाय तुम्ही दोघं ७ रात्री हॉटेलात कधी राहणार आहात? दोन रात्रींनंतर आईला तुळशीला पाणी कोण घालतंय याची काळजी लागते.

फाईलमधली आणखी दोन वाक्यं बघा. एक, खोली "उपलब्धतेनुसार" मिळेल. म्हणजे दिवाळीत, मे महिन्यात, पोरांना सुट्टी असते तेव्हा सगळेच मागणार आणि तुम्हाला सांगणार, शिल्लक नाही. वर्षाचे आठवडे रंगांनी वाटलेले असतात, गर्दीच्या दिवसांचा रंग महाग. तुम्हाला लावलेला रंग पावसाळ्याचा आहे. दोन, विक्री प्रतिनिधीनं तोंडी सांगितलेलं काहीही कंपनीवर बंधनकारक नाही. तीन तास तो जे बोलला ते सगळं या एका ओळीनं पुसलं. कागद इंग्रजीत होता आणि तुमचा वाचायचा चष्मा वर खोलीत राहिला होता. चष्मा आणायला जातो म्हणालात तर "मी वाचून दाखवतो की सर" म्हणाला. हे आईनं सांगितलं तेव्हा मला रडू आलं.

करारात दहा दिवसांत रद्द करायची मुदत होती. ती गेली. युरोपात २००८ च्या नियमानं अशा करारातून कारण न देता बाहेर पडायला १४ दिवस मिळतात. आपल्याकडं या व्यवहारासाठी तसा वेगळा कायदा नाही, कंपनी लिहील तीच मुदत. पहिल्याच दिवशी मला सांगितलं असतं तर एका ईमेलवर भागलं असतं. एवढंच म्हणते, यापुढं पुन्हा म्हणणार नाही.

पण अजून हातचं गेलेलं नाही. बाबा, तुमच्या सुंदर अक्षरात एक पत्र लिहा. मराठीत चालेल. अमुक तारखेला सोडतीची भेट म्हणून बोलावलं, तीन तास बसवून घेतलं, कागद वाचू दिला नाही, देखभाल खर्च सांगितला नाही, म्हणून मेंबरशिप रद्द करतोय आणि २०,००० रुपये परत द्या. स्पीड पोस्टानं पाठवा, पावती फाईलला लावा, फोटो मला पाठवा, तेच मी ईमेलनंही टाकते. मग बँकेत जाऊन बघा, हप्ते कापायची परवानगी कुठल्या कागदावर दिली गेलीय का. असेल तर तिथल्या तिथं बंद करायला लेखी द्या. आईच्या आग्रहानं हप्त्याच्या फॉर्मवर सही करायची राहून गेली, असं ती म्हणते. तसं असेल तर तिच्या हातून मोठं संकट टळलं.

त्यांनी ऐकलं नाही तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. त्यानंही झालं नाही तर ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे संभाजीनगरला किंवा कंपनीच्या शहरात खेटे घालायचे नाहीत, लातूरलाच काम होतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, दोन वर्षांची मुदत आहे. वीस हजार परत मिळतीलच, असं मी छातीठोक सांगत नाही. पण उरलेले तीन लाख पाच हजार द्यायचे नाहीत, हे नक्की.

एक गोष्ट मात्र फार लक्षात ठेवा. आता तुमचा नंबर त्यांच्या यादीत आहे. महिन्या-दोन महिन्यांत कुणी तरी गोड आवाजात म्हणेल, "तुमची मेंबरशिप आम्ही विकून देतो, पैसे परत मिळवून देतो, फक्त जीएसटीचे आठ-दहा हजार आधी भरा." पहिल्यांदा फसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा गाठणारे हे लोक असतात. पैसे परत देणारा आधी पैसे मागत नाही. ओटीपी तर कुणालाच सांगायचा नाही. आणि तिथं आधारची झेरॉक्स दिली असेल, तर यापुढं कुठंही झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहायचं, कशासाठी दिली आणि कुठल्या तारखेला.

बाबा, एसटीच्या अर्ध्या तिकिटात तुम्ही दोघं गेलात, रस्त्यात बाहेरचं नको म्हणून आईनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. एवढं जपून खर्च करणाऱ्या माणसाला त्या वीस हजारांची किती बोच लागली असेल, मला कळतं. पण ती एकट्यानं गिळू नका. दादा नववीत असताना त्यानं परीक्षा फीचे पैसे हरवले आणि चार दिवस सांगितलं नाही. तेव्हा तुम्ही मारलं नव्हतं त्याला. शेजारी बसवून म्हणाला होतात, "पैशाचं जाऊ दे, तू मला सांगितलं कामून नाहीस?" मी दाराआडून ऐकत होते.

आणि वेरूळ राहिलंच की. बुधवारी गेलात खरे, पण बाबांना थकवा होता म्हणून घृष्णेश्वराचं दर्शन घेऊन, कैलास लेणं बाहेरूनच बघून परतलात. संक्रांतीनंतर मी येते. गाडी घेऊन येते, आपण तिघं जाऊ. मंगळवार सोडून. सोळा नंबरचं लेणं सकाळी लवकर बघायचं, उन्हाच्या आधी. डोंगर वरून खाली कसा कोरत आणला ते बाबांनी मला पाचवीत फळ्यावर काढून दाखवलं होतं, आता तिथं उभं राहून दाखवायचं. हॉटेलची खोली मी घेतेय, एका रात्रीची, आणि खोलीतला फोन वाजला तर मी उचलणार.

आईच्या गुडघ्याचा पट्टा सैल झालाय म्हणाली, नवा घेऊन येते. माप सुतळीनं घेऊन कळवा. आणि या रविवारी फोन बाबांनी उचलायचा.

तुमची,
ताई